पडद्यावर न्यूयॉर्क, कागदावर टाइम्स

१९८५ च्या मार्चमध्ये ॲपलचं लेझररायटर हे छापयंत्र बाजारात आलं. किंमत ६,९९५ डॉलर. आदल्या वर्षी २,४९५ डॉलरला विक्रीला आलेल्या मॅकिन्टॉशच्या जवळजवळ तिप्पट! यंत्रापेक्षा त्याचं शेपूट महाग, असाच हा प्रकार होता. पण त्याआधी घरगुती छपाई म्हणजे फितीवर सुया आपटून उमटवलेली ठिपक्यांची अक्षरं. तिच्यापुढे या यंत्रातून निघालेलं पान छापखान्यातून आल्यासारखं दिसे.

एक गोष्ट मात्र चमत्कारिक होती. मॅकिन्टॉशवर पत्र टंकायचं ते बहुधा ‘न्यूयॉर्क’ किंवा ‘जिनिव्हा’ या अक्षरांत. सुझन केअर या चित्रकर्तीनं पडद्याच्या एकेका ठिपक्याचा हिशेब मांडून ही अक्षरं काढली होती आणि त्यांना जगातल्या शहरांची नावं दिली होती. छपाईचा हुकूम सोडला, की कागदावर न्यूयॉर्कच्या जागी ‘टाइम्स’ उमटे, जिनिव्हाच्या जागी ‘हेल्व्हेटिका’. छपाईच्या चौकटीत ‘फॉन्ट बदलून छापा’ असा पर्याय होता. त्यावर खूण असली, की हा खांदेपालट परस्पर होई. ओळी मात्र न्यूयॉर्कच्या रुंदीनं आधीच मोडलेल्या असत. त्यात टाइम्सची अंगानं बारीक अक्षरं येऊन बसत आणि शब्दांमध्ये नको तिथे फटी पडत. खूण काढून टाकली, तर पडद्यावरचेच ओबडधोबड ठिपके कागदावर येत. मग सात हजार डॉलर मोजले कशाला?

जे पडद्यावर दिसतं तेच कागदावर मिळेल, असं वचन त्या काळी सगळे देत होते. ते दिलं कुणी आणि मोडलं कुठे, हे पाहायचं तर बारा वर्षं मागे जावं लागतं.

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावी झेरॉक्स कंपनीनं १९७० मध्ये एक संशोधन केंद्र काढलं, पार्क नावाचं. तिथे १९७३ मध्ये ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. त्याचा पडदा उभा होता, अमेरिकी पत्राच्या कागदाच्या बेताचा; रुंदीत ६०६ ठिपके आणि उंचीत ८०८. वर्षभरात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी त्यावर ‘ब्राव्हो’ हा लेखनाचा प्रोग्रॅम उभा केला. लेझरनं छपाई करण्याची कल्पना गॅरी स्टार्कवेदरची. झेरॉक्सच्या न्यूयॉर्क राज्यातल्या प्रयोगशाळेत वरिष्ठांनी ती उडवून लावली, तेव्हा त्यानं पार्कला बदली करून घेतली होती. लिहिणारा, पडदा घडवणारा आणि छापणारा एकाच इमारतीत बसत असल्यामुळे पडदा आणि कागद एक करण्याचं स्वप्न तिथे पडलं, यात नवल नाही.

पण तिथेही ते पुरतं साधलं नव्हतं. पडद्यावर इंचाला सुमारे ७२ ठिपके, छापयंत्रावर त्याच्या कितीतरी पट. पडद्यावर ओळ मांडताना ७२ च्या मापाची अक्षरं वापरली जात आणि छापताना छापयंत्राच्या मापाची. त्यामुळे एखादा शब्द थोडा सरके, एखादी ओळ भलत्या ठिकाणी मोडे. म्हणजे वचनाला जन्मतःच चीर होती. आपल्याच लोकांमध्ये ती खपून गेली, इतकंच.

जॉन वॉर्नक १९७८ मध्ये पार्कमध्ये आला. चार्ल्स गेश्की तिथे आधीपासून होता. यंत्र कुठलंही असो, पान एकाच भाषेत लिहून त्याच्याकडे पाठवावं, म्हणून दोघांनी ‘इंटरप्रेस’ नावाची भाषा तयार केली. झेरॉक्सनं ती स्वीकारली आणि कुलपात ठेवली. कंटाळून दोघं बाहेर पडले आणि १९८२ च्या डिसेंबरात त्यांनी स्वतःची कंपनी काढली. वॉर्नकच्या घरामागून अडोबी नावाचा ओढा वाहत असे, त्याचंच नाव कंपनीला दिलं. पुढच्या वर्षी स्टीव्ह जॉब्स कंपनी विकत घ्यायला आला. त्यांनी विकली नाही, पण ॲपलनं २५ लाख डॉलर गुंतवले आणि अडोबीची नवी भाषा, ‘पोस्टस्क्रिप्ट’, लेझररायटरमध्ये बसली.

पोस्टस्क्रिप्टमधलं अक्षर ठिपक्यांचं नसतं. त्याची फक्त बाह्यरेषा सांगितलेली असते. अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत असा असा बाक, आत काळं भरा. हे बाक मोजायची रीत मोटारींच्या कारखान्यातून आली. रेनॉमधल्या पिएर बेझिएनं गाड्यांच्या पत्र्यांची वळणं आखण्यासाठी ती वापरात आणली होती. रेषेवरून ठिपके कसे काढायचे, ते छापणाऱ्या यंत्रानं आपापल्या ऐपतीप्रमाणे ठरवायचं. एकच अक्षर ३०० ठिपक्यांच्या लेझररायटरवर निघेल आणि छापखान्याच्या फिल्मवर २,५४० ठिपक्यांनी उमटवणाऱ्या लायनोट्रॉनिक ३०० वरही.

या हिशेबाला गणिती ताकद लागे, म्हणून लेझररायटरच्या पोटात १२ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि दीड मेगाबाइट मेमरी होती. समोरच्या मॅकिन्टॉशपेक्षा छापयंत्र अधिक हुशार होतं! टाइम्स, हेल्व्हेटिका, कुरियर आणि सिम्बॉल यांच्या बाह्यरेषा त्याच्याच चिपमध्ये कोरलेल्या होत्या. खरं अक्षर राहत होतं छापयंत्रात. पडद्यापाशी होती ती त्याची ठिपक्यांतली नक्कल. अक्षर प्रत्यक्षात कसं आहे, हे पडद्याला ठाऊकच नव्हतं. त्या पिढीतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ मला इथे दिसतं. लोक मात्र वर्षानुवर्षं स्वतःच्या सेटिंगला दोष देत बसले.

हा फरक किती, ते एका अक्षरावर पाहू. रोमन ‘एच’ घ्या, बारा पॉइंटांचा; पॉइंट म्हणजे इंचाचा साधारण बहात्तरावा भाग. त्याचे उभे पाय साधारण एक पॉइंट जाड धरू. मॅकच्या पडद्यावर पॉइंटाला बरोबर एक ठिपका, म्हणजे पाय एका ठिपक्याचा. यापेक्षा बारीक करता येत नाही, जाड करायचा तर एकदम दुप्पट. तोच पाय ३०० च्या छापयंत्रावर चार ठिपके आणि वर थोडा होतो. आता तो ‘थोडा’ कुठे जातो, यावर सगळं अवलंबून. डावा पाय चारांवर थांबला आणि उजवा पाचांवर गेला, तर एक पाय दुसऱ्यापेक्षा पाव हिश्शानं जाड होतो आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याला ते टोचतं. छापखान्याच्या फिल्मवर पाय ३५ ठिपक्यांचा. तिथे ३६ झाले काय आणि ३४ झाले काय, कुणाच्या बापाला कळत नाही.

दोन्ही पाय सारखे ठेवण्याच्या सूचना अडोबीनं अक्षराच्या फाइलीतच पेरल्या. तीच ‘टाइप १’ फॉन्टांची खरी पुंजी, आणि ती सांकेतिक लिपीत बंद होती. बाहेरच्यांना ‘टाइप ३’ फॉन्ट करण्याची मुभा होती, पण त्यात या सूचना चालत नसत. त्यामुळे लहान आकारात अडोबीची अक्षरं नीटस दिसत आणि इतरांची लंगडत.

रुंदीचा घोळ याहून वाईट. एखाद्या अक्षराची रुंदी सव्वापाच ठिपके असली, तर पडद्यावर ती पाच धरली जाई, कारण ठिपक्याचे तुकडे होत नाहीत. साठ अक्षरांच्या ओळीत पंधरा ठिपक्यांची तूट. कागदावर मात्र पाव ठिपका इमानदारीनं मोजला जाई, आणि पडद्यावर मावलेली ओळ तिथे मावत नसे. यावर उपाय म्हणून मॅकच्या प्रोग्रॅमांत ‘अपूर्णांकी रुंदी’चा पर्याय आला. तो चालू केला, की कागद सुधारे आणि पडद्यावरची अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढत. सुख एकाच्याच वाट्याला. विंडोजवरच्या जुन्या वर्डनं वेगळी वाट धरली. तो छापयंत्राची मापं विचारून मगच पडद्यावर ओळी मोडी. म्हणून घरी चाळीस पानांचा असलेला प्रबंध ऑफिसातल्या दुसऱ्या प्रिंटरशी जोडताच एकेचाळीस पानांचा होई, आणि शेवटच्या पानावर दोन अनाथ ओळी. हे भोगलेले लोक अजून नोकरीत आहेत.

१९८५ च्याच जुलैत ऑल्डस कंपनीचा पेजमेकर हा पानं जुळवायचा प्रोग्रॅम आला आणि या सगळ्याचा धंदा झाला. ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हे नाव रूढ केलं ते ऑल्डसच्या पॉल ब्रेनर्डनं. आपल्याकडे ते डीटीपी होऊन गल्लोगल्लीच्या पाट्यांवर चढलं. प्रत्येक फॉन्टच्या दोन फाइली ठेवाव्या लागत, एक पडद्याची आणि एक छापयंत्राची. पडद्याची फाइल १२ आणि १८ आकारांची असली आणि तुम्ही १६ मागितला, तर दातेरी, फुगवलेलं अक्षर दिसे. छापयंत्राची फाइल बरोबर द्यायला विसरलात, तर सगळं काम कुरियरमध्ये छापून येई, जुन्या टंकलेखन यंत्रावर बडवल्यासारखं.

दोन फाइलींचं हे दुखणं आणि अडोबीचं गुपित, दोन्हींवर ॲपल एका दगडात उपाय शोधत होतं. तिथे साम्पो कासिला नावाचा इंजिनिअर नव्या प्रकारच्या फॉन्टवर काम करत होता. बाह्यरेषा एकच, आणि तिच्यावरून पडद्यानंही अक्षर काढायचं, छापयंत्रानंही. १९८९ च्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला सायबोल्ड परिषद भरली. छपाईच्या धंद्यातली सगळी मातब्बर मंडळी तिथे जमत. ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी हातमिळवणी केल्याचं तिथे जाहीर झालं: फॉन्ट ॲपल देणार, पोस्टस्क्रिप्टला पर्यायी छपाईची भाषा मायक्रोसॉफ्ट देणार. व्यासपीठावर बिल गेट्स होता आणि वॉर्नकही. वॉर्नक संतापला होता, त्याचा आवाज कापत होता. टाइप १ चं गुपित आपण सगळ्यांसाठी खुलं करत आहोत, असं त्यानं तिथेच सांगून टाकलं. १९९० मध्ये ते पुस्तकरूपानं छापूनही आलं. गुपिताच्या जोरावर चाललेल्या कंपनीनं भर सभेत तिजोरी उघडावी, असा प्रसंग या धंद्यात पुन्हा क्वचितच आला असेल. त्याच सुमारास अडोबीनं ‘टाइप मॅनेजर’ हा प्रोग्रॅमही काढला. छापयंत्रात दडलेली बाह्यरेषा त्यानं पडद्यावर आणून बसवली.

ॲपलचा फॉन्ट ‘ट्रूटाइप’ या नावानं १९९१ मध्ये मॅकवर आला आणि १९९२ च्या एप्रिलमध्ये विंडोज ३.१ बरोबर जगभर पसरला. मायक्रोसॉफ्टची छपाईची भाषा मात्र कुणी फारशी विचारली नाही. छापखान्यांत पोस्टस्क्रिप्टच टिकली. म्हणजे भांडण मिटलं, पण पडदा एका घराण्याकडे गेला आणि कागद दुसऱ्याकडे.

त्या वाटणीचा नमुना म्हणजे ‘एरियल’. रॉबिन निकोलस आणि पॅट्रिशिया सॉन्डर्स यांनी तो १९८२ मध्ये मोनोटाइप कंपनीत आयबीएमच्या लेझर छापयंत्रांसाठी आखला. रुंदी अक्षरागणिक हेल्व्हेटिकाची, रूप वेगळं. विंडोजनं एरियल घेतला. पोस्टस्क्रिप्ट छापयंत्रांत हेल्व्हेटिका आधीच बसलेला होता. मग विंडोज वेळ वाचवण्यासाठी छापताना परस्पर अदलाबदल करी. रुंदी सारखी असल्यानं ओळी जागच्या जागी राहत आणि कुणाला पत्ता लागत नसे. पण कॅपिटल ‘आर’कडे बघा. एरियलचा पुढचा पाय तिरका आणि सरळ काढलेला. हेल्व्हेटिकाचा जवळजवळ उभा, किंचित वळण घेऊन टेकलेला. लहान ‘टी’चा माथा एरियलमध्ये तिरका छाटलेला, हेल्व्हेटिकात आडवा. पडद्यावर एक ‘आर’ मंजूर करून कागदावर दुसराच घेतलेले कितीतरी लेटरहेड तेव्हा छापले गेले असणार.

बाह्यरेषा एक झाली, तरी पडदा काही श्रीमंत झाला नव्हता. विंडोजनं इंचाला ९६ ठिपके धरले. पडदा कागदापेक्षा दूर असतो, तेव्हा अक्षर एक तृतीयांश मोठं दिसावं, असा त्यामागचा विचार. बारा पॉइंटाचं अक्षर त्यामुळे सोळा ठिपक्यांत बसवायचं. ट्रूटाइपमधल्या सूचना इतक्या बलवान होत्या, की त्या बाह्यरेषेला ओढूनताणून ठिपक्यांच्या चौकटीत कोंबत. अक्षर स्वच्छ दिसे, पण ते आखणाऱ्याचं राहत नसे.

मॅथ्यू कार्टरनं यावर उलटा रस्ता काढला. तो खिळे कोरायला शिकलेला, धातूच्या काळातला माणूस. १९७८ मध्ये अमेरिकी टेलिफोन डिरेक्टरीसाठी त्यानं ‘बेल सेंटेनियल’ आखला, त्यात अक्षरांच्या सांध्यांत खाचा ठेवल्या होत्या. हलक्या कागदावर शाई पसरते. ती पसरली, की खाच भरायची आणि अक्षर पूर्ण व्हायचं. आज तोच फॉन्ट पडद्यावर मोठा करून पाहिला, तर उंदरानं कुरतडल्यासारखा दिसतो. शाईचं वागणं इतकं ओळखणाऱ्या या माणसानं मायक्रोसॉफ्टसाठी ‘व्हर्डाना’ आणि ‘जॉर्जिया’ करताना आधी पडद्याचे ठिपके मांडले आणि मग त्यांच्याभोवती बाह्यरेषा ओढल्या. मोनोटाइपच्या टॉम रिकनरनं त्यांत सूचना भरल्या. १९९६ मध्ये हे फॉन्ट आले. पडद्याची मर्जी राखून काढलेला वाचकप्रिय व्हर्डाना कागदावर फैलावून, ऐसपैस बसल्यासारखा दिसतो. २००९ मध्ये फर्निचर विकणाऱ्या आयकियानं आपल्या छापील कॅटलॉगसाठी फ्युचरा सोडून व्हर्डाना घेतला, तेव्हा आरेखनाच्या जगात केवढा गदारोळ झाला! मला ती ओरड रास्त वाटते, पण दोष व्हर्डानाच्या माथी मारणं बरोबर नाही.

पुढे मायक्रोसॉफ्टनं १९९८ मध्ये ‘क्लिअरटाइप’ जाहीर केलं. सपाट पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवी आणि निळी अशा तीन उभ्या पट्ट्या असतात. त्या वेगवेगळ्या चेतवून आडव्या दिशेनं तिप्पट बारकाई मिळवायची. ॲपलचा कल निराळा होता. तिथे बाह्यरेषा शक्यतो न वाकवता कडा करड्या छटांनी मऊ केल्या जात. विंडोजवाल्यांना मॅक धुरकट वाटे, मॅकवाल्यांना विंडोजची अक्षरं काड्यांची. पडद्यानं कागदाशी इमान राखायचं की वाचणाऱ्याच्या डोळ्याशी, हा तो वाद होता. माझं मत विचाराल तर ज्याला शेवटी छापायचं आहे, त्याला ॲपलचंच दाखवणं अधिक खरं वाटे.

देवनागरीला हे सगळं दुपटीनं भोवलं. सोळा ठिपक्यांच्या उंचीत शिरोरेषेला एक ओळ गेली. तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि इंग्रजी शब्दांसाठी अर्धचंद्र. खाली उकार. मूळ अक्षराच्या वाट्याला सात-आठ ओळी उरतात. ‘ष’चं पोट आणि ‘द्ध’चा गुंता त्यातच बसवायचा. शिरोरेषा बरोबर ठिपक्यांच्या ओळीवर पडली नाही, तर ती करडी होते आणि दोन अक्षरांच्या मध्ये तुटल्यासारखी दिसते. डीटीपीच्या सुरुवातीच्या वर्षांत पडद्यावर रफारापाशी अनुस्वार आहे की नाही, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नसे. मुद्रितशोधक कागदावरचंच प्रूफ मागत, ते हट्टानं नव्हे. पडद्यावर चूक दिसतच नसेल, तर दुरुस्त कुठून करणार? मग ट्रेसिंगवर लेझरची प्रिंट काढून प्लेट करायची, आणि ऑफसेटवर शाई थोडी चढली, की ‘घ’ आणि ‘ध’ पुन्हा एकमेकांसारखे.

त्यात आपल्या फॉन्टांची आणखी एक अडचण. देवनागरीचे काने-मात्रे आणि अर्धी अक्षरं त्या काळी रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत, प्रत्येक कंपनीची बसवणूक निराळी. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी समोर येई. एरियलऐवजी हेल्व्हेटिका आला तर निदान वाचता तरी येतो.

प्रत्येक लिपीच्या अक्षरांना त्यांची स्वतंत्र जागा देणाऱ्या युनिकोडनं ती खिचडी निस्तरली. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ आला, सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आखलेला. पडद्यावर वाचता यावा म्हणूनच तो घडवला होता आणि ते काम त्यानं चोख केलं. पण संगणकाबरोबर फुकट आल्यामुळे सरकारी परिपत्रकांपासून लग्नपत्रिकांपर्यंत तो कागदावर छापला गेला. तिथे त्याच्या रेघा रोड वाटतात आणि ओळींमधलं अंतर सैल. बाजूचा इंग्रजी मजकूर तेवढ्याच पॉइंटाचा असून थोराड दिसतो. व्हर्डानाचं आयकियानं जे केलं, तेच आपण मंगलचं केलं. ओरड मात्र झाली नाही.

वॉर्नकनं १९९१ मध्ये एक टिपण लिहिलं होतं, कोणतंही पान कुठल्याही यंत्रावर हुबेहूब पोचवण्याबद्दल. त्यातून १९९३ मध्ये पीडीएफ निघालं. फॉन्ट फाइलीच्या आतच, ओळी जागच्या जागी खिळलेल्या. छापखान्यांनी ते उचललं आणि ‘फॉन्ट पाठवायला विसरलात’ हे फोनवरचं वाक्य हळूहळू कमी झालं. पडद्याची गरिबीही पुढे सरली. २०१० च्या आयफोनवर इंचाला ३२६ ठिपके होते, जुन्या लेझररायटरपेक्षा जास्त. अशा पडद्यावर ओढाताणीच्या सूचनांची गरज उरत नाही. तीन रंगांच्या पट्ट्यांची युक्ती मध्यंतरी ॲपलनंही घेतली होती, ती त्यांनी २०१८ मध्ये सोडून दिली. उरला तो प्रकाशाचा आणि शाईचा फरक. चमकत्या पांढऱ्यावरचं काळं बारीक भासतं, वर्तमानपत्राच्या कागदावर शाई फुगते, आणि तो हिशेब अजून मशीनवरच्या माणसालाच करावा लागतो.

सायबोल्डच्या सभेत ज्याच्यावरून एवढा तंटा झाला, त्या टाइप १ चं काय झालं? २०२३ च्या जानेवारीपासून खुद्द अडोबीनंच आपल्या प्रोग्रॅमांतून त्याचा आधार काढून घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉर्नक वारला. ज्या प्रकाशकांच्या जुन्या पुस्तकांच्या फाइली त्या फॉन्टांत आहेत, त्यांना नवी आवृत्ती काढताना अडोबीचा पानं जुळवायचा प्रोग्रॅम इनडिझाइन आता ‘फॉन्ट सापडत नाही’ म्हणून सांगतो आणि मजकुरावर गुलाबी पट्टा ओढतो. पहिल्या आवृत्तीचं छापील पुस्तक शेजारी ठेवून, दुसरा फॉन्ट लावून, ओळ न् ओळ पुन्हा जुळवायला बसावं लागतं.